डेबियन १३ वर गेल्यावर पासवर्ड चालेना : पोस्टफिक्स आणि डव्हकॉटच्या फाइली नेमक्या कुठून तपासायच्या?

शिरोली_फाउंड्री

नमस्कार मंडळी. शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीची मेल मी सांभाळतो. कारखाना शिरोलीत, विक्री आणि हिशेबाचं ऑफिस राजारामपुरीत, आणि मेल सर्व्हर मुंबईतल्या एका भाड्याच्या व्हीपीएसवर (आभासी सर्व्हरवर). मेलची ने-आण पोस्टफिक्स करतो, मेलबॉक्स आणि लॉगिन डव्हकॉट बघतो, आणि वापरकर्ते एका साध्या पासवर्ड फाइलमध्ये. डेटाबेस नाही, एलडॅप नाही. माझ्या आधीच्या माणसानं बसवलेलं आहे आणि आजवर विनातक्रार चाललं.

काल रात्री सर्व्हरची ऑपरेटिंग सिस्टिम डेबियन १२ वरून १३ वर नेली. अपग्रेड होताना प्रत्येक कॉन्फिग फाइलला विचारलं जात होतं, जुनी ठेवू की पॅकेजमधली नवी घालू. डव्हकॉट.कॉन्फ जुनीच ठेवली, कॉन्फ.डी फोल्डरमधल्या काही नव्या घेतल्या. आज सकाळपासून आउटलुक सगळ्यांना पासवर्ड विचारतंय. बरोबर टाकला तरी तीच खिडकी परत. मेल.लॉगमध्ये पोस्टफिक्सच्या नावानं दोन ओळी सारख्या येतायत : 'सॅसल: कनेक्ट टू प्रायव्हेट/ऑथ फेल्ड: कनेक्शन रिफ्यूज्ड' आणि लगेच 'फेटल: नो सॅसल ऑथेंटिकेशन मेकॅनिझम्स'.

मेन.सीएफ, म्हणजे पोस्टफिक्सची मुख्य कॉन्फिग फाइल, वरपासून खालपर्यंत वाचली. सॅसलच्या, म्हणजे लॉगिनच्या, सगळ्या ओळी जागच्या जागी आहेत. ग्राहकांची शेड्यूल मेलवर येतात आणि त्यावर इथला माल निघतो, त्यामुळे सगळ्यांचं लक्ष माझ्याकडे आहे. सुरुवात कुठून करू?

मेलरांग

मेन.सीएफ आत्ता बंद करा. ओळी पोस्टफिक्सच्या लॉगमध्ये आल्या म्हणून दोष पोस्टफिक्सचा ठरत नाही. तुमच्या सेटअपमध्ये पोस्टफिक्स पासवर्ड स्वतः तपासतच नाही. तो एका युनिक्स सॉकेटमधून (एकाच मशीनवरच्या दोन प्रोग्रॅमना बोलायला असलेली खास फाइल) डव्हकॉटला विचारतो : हे नाव, हा पासवर्ड, आत घेऊ का? डव्हकॉट हो म्हणाला तर घेतो, नाही म्हणाला तर ५३५, म्हणजे 'लॉगिन नाकारलं', असं सांगून परत पाठवतो. तुमच्याकडे प्रश्न विचारायच्या आधीच गाडी अडली आहे.

'कनेक्शन रिफ्यूज्ड' म्हणजे सॉकेटची फाइल जागेवर आहे, पण पलीकडे ऐकायला प्रोसेस नाही. 'नो सच फाइल ऑर डिरेक्टरी' असतं तर सॉकेट तयारच झाला नाही, किंवा पोस्टफिक्स चुकीच्या जागी शोधतोय. 'परमिशन डिनाइड' असतं तर मालकीचा घोळ. शेवटचे दोन-तीन शब्द वाचूनच कुठली फाइल उघडायची ते कळतं.

तुमचा डव्हकॉट पडलेला असणार. सिस्टिमसीटीएलनं स्टेटस बघा, मग डव्हकॉन्फ -एन (डव्हकॉटची कॉन्फिग वाचून दाखवणारी कमांड) चालवा आणि पहिली एररची ओळ इथे टाका. डोमेन आणि आयपी झाकून.

शिरोली_फाउंड्री

बरोबर, डव्हकॉट 'फेल्ड' दाखवतोय. डव्हकॉन्फ म्हणतंय की पहिली सेटिंग डव्हकॉट_कॉन्फिग_व्हर्जन हीच असली पाहिजे. अशी सेटिंग आमच्या फाइलीत कधी नव्हतीच.

आणि एक धास्ती आहे. बाहेरून येणारी मेलसुद्धा सकाळपासून जवळजवळ थांबली आहे. ती बुडाली का?

मेलरांग

आधी धास्तीचं. बुडाली नाही. तुमच्या मेन.सीएफमध्येच सॅसल चालू केलेलं असणार, त्यामुळे ते पोर्ट २५ लाही, म्हणजे बाहेरचे सर्व्हर मेल देतात त्या दारालाही, लागू आहे. बाहेरचा सर्व्हर टीएलएस (जोडणीचं एन्क्रिप्शन) सुरू करतो, पोस्टफिक्स डव्हकॉटकडे जातो, कुणी सापडत नाही, पोस्टफिक्सची मेल घेणारी ती एसएमटीपीडी प्रोसेस तिथेच मरते आणि जोडणी तुटते. समोरच्याला हा तात्पुरता अडथळा दिसतो. तो मेल रांगेत ठेवतो आणि पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. पोस्टफिक्सचं स्वतःचं ठरलेलं मूल्य पाच दिवसांचं आहे, बाकीचेही साधारण असेच वागतात. आजच्या आज दुरुस्त झालं तर सगळी येऊन पोचेल.

सगळं सुरळीत झालं की सॅसल मेन.सीएफमधून काढा आणि मास्टर.सीएफमध्ये (पोस्टफिक्सच्या सेवांची फाइल) फक्त सबमिशन, म्हणजे आपल्या माणसांनी मेल पाठवायच्या ५८७ आणि ४६५ पोर्टच्या सेवांखाली चालू ठेवा. बाहेरच्या सर्व्हरना तुमच्याकडे लॉगिन करायचं कारणच नाही. शिवाय २५ वर रात्रंदिवस पासवर्ड आपटणाऱ्यांची दारं बंद होतात.

आता मुद्द्याचं. डेबियन १२ मध्ये डव्हकॉट २.३ होता, १३ मध्ये २.४.१ आहे. २.४ ची कॉन्फिग २.३ शी जुळत नाही, आणि हे निर्मात्यांनी जाणूनबुजून केलंय. जुनी फाइल ठेवली तर तो उठणारच नाही. डव्हकॉट.कॉन्फमध्ये सगळ्या सेटिंगच्या वर डव्हकॉट_कॉन्फिग_व्हर्जन = २.४.१ आणि त्याखाली डव्हकॉट_स्टोरेज_व्हर्जन टाका. वर कॉमेंट असल्या तर चालतात.

मग डव्हकॉन्फ पुढच्या ओळीवर अडेल, ती सुधारली की त्याच्या पुढच्या. तुमच्यासारख्या सेटअपमध्ये साधारण हे येईल.

डिसेबल_प्लेनटेक्स्ट_ऑथ गेली, तिच्या जागी ऑथ_अलाऊ_क्लिअरटेक्स्ट आली. अर्थ उलटा आहे. जुन्यात 'यस' होतं तर नव्यात 'नो' पाहिजे. घाईत यस तसंच उचललं तर टीएलएसशिवायच्या जोडणीवर पासवर्ड उघडे जायला लागतील आणि एररही येणार नाही. ही ओळ दोनदा बघा.

प्रमाणपत्रासाठी एसएसएल_सर्ट आणि एसएसएल_की होत्या, त्या एसएसएल_सर्व्हर_सर्ट_फाइल आणि एसएसएल_सर्व्हर_की_फाइल झाल्या. पूर्वी पाथच्या आधी '<' लागायचं, आता नाही.

मेल_लोकेशनचे दोन तुकडे झाले : मेल_ड्रायव्हर आणि मेल_पाथ. पासडीबी (पासवर्ड कुठे तपासायचा) आणि युजरडीबीला (मेलबॉक्स कुठे आहे) आता नाव द्यावं लागतं. पूर्वी कंसात ड्रायव्हर आणि आर्ग्स लिहायचो. आता 'पासडीबी पासडब्ल्यूडी-फाइल' असा विभाग आणि आत पासडब्ल्यूडी_फाइल_पाथ. आणि टक्के यू, टक्के डी, टक्के एन ही एकाक्षरी चलं गेली. टक्क्यानंतर महिरपी कंसात पूर्ण शब्द लिहायचा : युजर. डोमेन किंवा फक्त नाव हवं असेल तर त्यातच उभी रेघ देऊन डोमेन किंवा युजरनेम. युजरडीबीमध्ये होमचा पाथ दिला असेल तिथे हे हमखास सापडेल.

नाद_टर्मिनलचा

शिरोलीवाले दादा, हात लावायच्या आधी अख्खं ईटीसी/डव्हकॉट फोल्डर दुसरीकडं कॉपी करून ठेवा. पण कॉन्फ.डीच्या आत नको! तिथं '१०-ऑथ-जुनी.कॉन्फ' असल्या नावानं कॉपी ठेवली तर डव्हकॉट ती पण वाचतोय. शेवट .कॉन्फ असलेली प्रत्येक फाइल तो घेतोय, नावाच्या क्रमानं. आमच्याकडं एका पोरानं असंच केलेलं आणि दोन-दोन पासडीबी चालू होत्या. काढून टाकलेली माणसं पण लॉगिन होत होती. .डीपीकेजी-डिस्ट शेवट असलेल्या, म्हंजे अपग्रेडनं बाजूला ठेवलेल्या नव्या फाइली वाचल्या जात नाहीत, त्या तुलनेसाठी चांगल्या.

शिरोली_फाउंड्री

धन्यवाद दोघांनाही. तुम्ही सांगितलेली प्रत्येक गोष्ट जवळजवळ त्याच क्रमानं आली. डव्हकॉट उठला! आयमॅपवर, म्हणजे मेल वाचायला, लॉगिन होतंय, मोबाइलवर जुन्या मेल दिसतायत. पण पाठवताना अजून नाही. पोस्टफिक्सची ओळ बदलली : आता शेवट 'नो सच फाइल ऑर डिरेक्टरी' असा आहे.

मेलरांग

छान, एक पायरी पुढे आलात. आता १०-मास्टर.कॉन्फ. ही तुम्ही नवी घेतलेल्यांपैकी असणार. नव्या फाइलीत सर्व्हिस ऑथच्या विभागात पोस्टफिक्ससाठीचा युनिक्स_लिसनर कॉमेंटमध्ये असतो. जुन्या फाइलीत कुणीतरी तो उघडलेला होता, नव्यात पुन्हा बंद झाला. डव्हकॉटला सॉकेट बनवायला कुणी सांगितलंच नाही, म्हणून तो बनवत नाही.

तो उघडा. पाथ व्हार/स्पूल/पोस्टफिक्स/प्रायव्हेट/ऑथ. नमुन्यात मोड ०६६६ दिसेल, तो ०६६० करा आणि युजर व ग्रुप दोन्ही पोस्टफिक्स लिहा. सर्व्हरवरच्या इतर कुठल्याही प्रोसेसला त्या सॉकेटशी बोलायचं काम नाही.

इथे बरेच जण अडकतात म्हणून थोडं सविस्तर लिहितो. डव्हकॉटच्या फाइलीत पाथ मुळापासून पूर्ण लिहायचा. पोस्टफिक्सच्या फाइलीत मात्र एसएमटीपीडी_सॅसल_पाथ नुसता 'प्रायव्हेट/ऑथ'. तुमच्या जुन्या मास्टर.सीएफनुसार एसएमटीपीडी क्रूटमध्ये चालत असणार, म्हणजे व्हार/स्पूल/पोस्टफिक्स हीच त्याच्यासाठी सगळी डिस्क. त्याला पूर्ण पाथ दिला तर तो त्या फोल्डरच्या आत पुन्हा व्हार, पुन्हा स्पूल शोधत बसतो. फाइल डोळ्यांसमोर असते, एलएसला दिसते, आणि पोस्टफिक्स 'नो सच फाइल' म्हणत राहतो. दोन प्रोसेस एकाच सॉकेटकडे दोन वेगळ्या जागांवरून बघतायत, एवढंच आहे.

गुजरी_गल्ली

मध्येच विचारते, क्षमस्व. मी चांदीच्या दागिन्यांच्या एका दुकानाचा छोटा सर्व्हर बघते. आमच्या लॉगमध्ये 'सॅसल लॉगिन ऑथेंटिकेशन फेल्ड' नंतर एक विचित्र अक्षरांची माळ येते, नेहमी तीच. आयपी परदेशातले. हा कुठल्या घुसखोराचा कोड आहे का? मालक फार घाबरलेत.

मेलरांग

ताई, माळ यूजीएफनं सुरू होत असेल तर ती 'पासवर्ड:' या इंग्रजी शब्दाचं बेस६४ रूप (मजकूर ठरावीक अक्षरांत लिहायची साधी पद्धत) आहे, बाकी काही नाही. लॉगिन पद्धतीत सर्व्हर आधी 'युजरनेम:' आणि मग 'पासवर्ड:' असं बेस६४ मध्ये विचारतो. अपयश आलं की सर्व्हरनं शेवटी विचारलेला प्रश्नच लॉगमध्ये उतरतो. समोरच्यानं काय पासवर्ड टाकला ते त्यात नसतं. मालकांना सांगा, कुणी आत शिरलेलं नाही. मात्र प्रयत्न होतायत हे खरं, तेव्हा सारखा पासवर्ड चुकवणारा आयपी अडवणारं फेल-टू-बॅन बसवलं नसेल तर बसवा.

कागल_फाटा

माझं वेगळं मत मांडतो. एवढ्याशा कारखान्यानं स्वतःचा मेल सर्व्हर का ठेवावा? मोठ्या कंपनीची सेवा घ्या, हे अपग्रेडचे दिवस बघायलाच नकोत.

शिरोली_फाउंड्री

दादा, विचार झालाय. शॉपफ्लोअर, स्टोअर, गेट, क्वालिटी, सगळ्यांना पत्ते आहेत आणि बऱ्याच जणांना दिवसाला एखादीच मेल येते. माणशी महिना दर धरला की आकडा मोठा होतो. शिवाय स्कॅनर, स्पेक्ट्रोमीटरचा पीसी, जनरेटरचं अलार्म युनिट, सगळे याच सर्व्हरमधून मेल टाकतात. मालकांना मेल आपल्या ताब्यात हवी आहे, मलाही ते पटतं.

बाकी, सॉकेट आला! माझ्या खात्यावरून मेल गेली. पण आता गंमत अशी की निम्म्या लोकांचं चालतंय, निम्म्यांना ५३५. पासवर्ड तेच, आउटलुक तेच, ऑफिस तेच. सेटिंग एकच असताना हे कसं होतं?

नाद_टर्मिनलचा

थांबा, क्लायंटच्या मागं लागू नका. सर्व्हरवरच तपासा : डव्हॲडम ऑथ टेस्ट, पुढं पूर्ण पत्ता. पासवर्ड विचारेल, टाका. 'सक्सीडेड' आलं तर डव्हकॉट ठीक, भांडण पोस्टफिक्सकडं किंवा आउटलुककडं. 'फेल्ड' आलं तर पोस्टफिक्सकडं बघायचंच नाही. हे एवढं केलं की अर्ध्या फाइली वाचायच्या वाचतात भावा. चालणारा एक आणि न चालणारा एक, दोघांवर करून बघा.

आणि हातानं तपासायचं असलं तर ओपनएसएसएलचं एस_क्लायंट, ५८७ ला स्टार्टटीएलएस लावून, -क्वाएट देऊन. क्वाएट नाही दिलं आणि ओळीच्या सुरुवातीला मोठा आर टाकला, म्हंजे आरसीपीटी (मेल कुणाला ते सांगणारी ओळ) लिहायला गेलात, की तो पाठवायच्या ऐवजी रीनिगोशिएट करतोय, म्हंजे टीएलएसची बोलणी परत सुरू करतोय. लोक समजतात सर्व्हरनं तोडलं. नाव आणि पासवर्डाचं बेस६४ करताना इकोनं करू नका, ते शेवटी नवी ओळ चिकटवतंय आणि पासवर्ड चुकीचा होतोय. प्रिंटएफ वापरा.

शिरोली_फाउंड्री

माझं खातं : सक्सीडेड. स्टोअरचं : फेल्ड. ऑथ_व्हर्बोज (लॉगिनचा सविस्तर लॉग) यस केलं तर स्टोअरच्या खात्यासाठी लॉगमध्ये पासवर्ड स्कीम, म्हणजे तो साठवायची पद्धत, कमकुवत असल्याबद्दलची ओळ येते. युजर फाइल उघडली. माझ्या ओळीत पासवर्डाच्या आधी महिरपी कंसात एसएचए५१२-क्रिप्ट आहे. स्टोअरच्या ओळीत प्लेन-एमडी५. न चालणाऱ्या इतरांच्या ओळीतही तेच.

मेलरांग

मिळालं. ज्यांची खाती जुनी, त्यांचे पासवर्ड एमडी५ मध्ये. नंतर आलेल्यांचे एसएचए५१२-क्रिप्टमध्ये. २.३ दोन्ही घ्यायचा. २.४ कमकुवत स्कीम स्वतःहून नाकारतो. म्हणून एकाच ऑफिसात, एकाच सेटिंगवर निम्मे आत, निम्मे बाहेर.

ऑथ_अलाऊ_वीक_स्कीम्स नावाची सेटिंग आहे, यस केली की आत्ता सगळे आत येतील. आज मेल थांबली आहे म्हणून ती लावायला हरकत नाही. पण ती तशीच ठेवू नका. बिनमिठाचं, म्हणजे आत जास्तीची अक्षरं न मिसळलेलं, प्लेन-एमडी५ फुटायला आजच्या ग्राफिक कार्डला फारसा वेळ लागत नाही. ती फाइल एकदा कुणाच्या हाती लागली तर निम्म्या कारखान्याचे पासवर्ड गेले. आणि आपल्याकडे लोक तोच पासवर्ड बँकेला आणि जीएसटी पोर्टलला ठेवतात, हे तुम्हालाही माहीत आहे.

एमडी५ वरून मूळ पासवर्ड काढून एसएचएमध्ये घालता येत नाही, त्यामुळे प्रत्येकाला नवा द्यावा लागेल. डव्हॲडम पीडब्ल्यूला एस पर्याय देऊन एसएचए५१२-क्रिप्ट सांगा, जी ओळ मिळेल ती युजर फाइलीत. खात्याखात्यानं करा, सगळ्यांचं एकाच सकाळी नको.

फाइलीत काय लिहिलंय यावर आपण फार वेळ घालवतो. सर्व्हरला त्या फाइलींतून नेमकं काय समजतं ते आधी बघावं. डव्हकॉटसाठी डव्हकॉन्फ -एन. पोस्टफिक्सचं मेन.सीएफ पोस्टकॉन्फ -एन मधून, आणि मास्टर.सीएफमध्ये एखाद्या सेवेखाली वेगळं काही लादलंय का ते पोस्टकॉन्फ -पी मधून, पी मोठा. मेन.सीएफमध्ये सॅसल यस दिसतं आणि मास्टर.सीएफमध्ये सबमिशनखाली कुणीतरी नो लिहून ठेवलेलं असतं, आणि तेच चालतं. नुसती मेन.सीएफ वाचून हे कधीच कळणार नाही.

गुजरी_गल्ली

हे पोस्टकॉन्फ -एन आत्ता आमच्याकडे करून पाहिलं. एसएमटीपीडी_टीएलएस_ऑथ_ओन्ली ही ओळ फाइलीत आहे, पण यादीत दिसत नाही. त्याऐवजी तिच्या वरच्या सेटिंगच्या किमतीला ती शेपटासारखी जोडलेली दिसते. हे काय?

मेलरांग

त्या ओळीच्या सुरुवातीला एक स्पेस आहे. पोस्टफिक्समध्ये ओळ रिकाम्या जागेनं सुरू झाली तर ती आधीच्या ओळीचा पुढचा भाग धरली जाते. टीएलएसशिवाय लॉगिन नको, ही तुमची सुरक्षेची सेटिंग आजवर लागूच नव्हती. स्पेस काढा, पोस्टफिक्स रीलोड करा, आणि एन पुन्हा चालवा.

याच जातीची दुसरी गोष्ट : मेन.सीएफमध्ये ओळीच्या शेवटी हॅश टाकून टीप लिहू नका. हॅश ओळीच्या सुरुवातीला असेल तरच कॉमेंट, नाहीतर 'यस' नंतरची तुमची टीप किमतीचाच भाग होते. आणि मास्टर.सीएफमध्ये -ओ च्या पुढे बरोबरच्या चिन्हाच्या दोन्ही बाजूंना जागा सोडायची नाही.

गुजरी_गल्ली

झालं! आता टीएलएसशिवाय ईएचएलओ (सर्व्हरला सुरुवातीचा नमस्कार) दिलं की ऑथची ओळच येत नाही, टीएलएस लावल्यावर येते. मला आधी वाटलं काहीतरी बिघडलं, मग कळलं की हेच व्हायला हवं. मनापासून आभार.

शिरोली_फाउंड्री

कमकुवत स्कीमची सवलत तात्पुरती दिली, स्टोअर आणि गेट चालू झाले. शिरोलीत सगळं सुरळीत. पण राजारामपुरीचं ऑफिस आता पूर्ण बंद! सकाळी पासवर्ड तरी विचारत होतं, आता 'सर्व्हरशी जोडता येत नाही'. मेल.लॉगमध्ये राजारामपुरीच्या आयपीची एकही नवी ओळ नाही. कॉन्फिगला मी मधल्या वेळेत हात लावलेला नाही.

नाद_टर्मिनलचा

तिथल्या कुणाला तरी मोबाइलचं वायफाय बंद करून डेटावर मेल उघडायला सांगा.

शिरोली_फाउंड्री

डेटावर चालतंय. वायफायवर नाही.

नाद_टर्मिनलचा

मग फेल-टू-बॅन. अख्ख्या ऑफिसचा बाहेरचा आयपी एकच. सकाळपासून तिथली सगळी आउटलुक आणि सगळे मोबाइल नाकारलेला पासवर्ड सारखे पाठवत बसलेत. ठरलेल्या मूल्यानं दहा मिनिटांत पाच चुका झाल्या की दहा मिनिटं बंदी. सुटले की परत तेच, परत बंदी. लॉगमध्ये ओळ नाही कारण फायरवॉल त्यांना पोस्टफिक्सपर्यंत येऊच देत नाही. फेल-टू-बॅन-क्लायंटला अनबॅन आणि पुढं तो आयपी द्या.

शिरोली सुटली कारण तिथं बहुतेक मंडळी मोबाइल डेटावर असतील, नाहीतर तिथली खाती नवी असतील. लई वेळा असं हुतंय, माणसं कॉन्फिग उकरत बसतात आणि दार भलत्यानंच लावलेलं असतंय.

मेलरांग

अनबॅन केल्यावर लगेच दुसरं : ऑफिसचा आयपी स्थिर असेल तर तो इग्नोरआयपीमध्ये घाला, निदान पासवर्ड बदलायचं काम पूर्ण होईपर्यंत. नंतर काढायचा की ठेवायचा याचा विचार करा. ठेवला तर ऑफिसातला एखादा संसर्ग झालेला पीसी कितीही वेळा पासवर्ड आपटू शकतो आणि त्याला कुणी अडवणार नाही. मी स्वतः काढतो, आणि बंदीची मर्यादा थोडी सैल ठेवतो.

इचलकरंजी_लूम

धागा वाचतोय, फार कामाचा आहे. माझी अडचण उलट बाजूची. आमचं लॉगिन व्यवस्थित होतं, पण आमचा पोस्टफिक्स पुढे एका रिले सेवेकडे (आमची मेल बाहेर पोचवणारी सेवा) मेल देतो तिथे अडतं. 'कॅनॉट ऑथेंटिकेट टू सर्व्हर: नो मेकॅनिझम अव्हेलेबल'. मी तर सॅसलच्या सगळ्या एसएमटीपीडी ओळी तपासल्या.

मेलरांग

त्या ओळी इथे लागत नाहीत. शेवटी डी असलेल्या सेटिंग तुमच्याकडे येणाऱ्यांसाठी, डी नसलेल्या एसएमटीपी_सॅसल ओळी तुम्ही बाहेर जाताना. बाहेर जाताना डव्हकॉटचा संबंध नसतो, पोस्टफिक्स सायरस सॅसल लायब्ररी वापरतो.

या एररची दोन कारणं नेहमीची. एक, डेबियन-उबुंटूवर लिबसॅसल२-मॉड्यूल्स पॅकेज नाही, त्यामुळे प्लेन आणि लॉगिन पद्धतीच हाताशी नाहीत. दोन, एसएमटीपी_सॅसल_सिक्युरिटी_ऑप्शन्स ठरलेल्या मूल्यावर राहिलंय, ज्यात नो-प्लेनटेक्स्ट असतं. रिले सेवा फक्त प्लेन आणि लॉगिन देत असेल तर दोघांत जुळणारं काही उरत नाही. टीएलएस सक्तीचं करा, म्हणजे एसएमटीपी_टीएलएस_सिक्युरिटी_लेव्हल एनक्रिप्ट, आणि मग ऑप्शन्समध्ये फक्त नो-अनॉनिमस ठेवा. क्रम हाच ठेवा, आधी टीएलएस.

इचलकरंजी_लूम

पॅकेज नव्हतंच. टाकलं, ऑप्शन्सही बदलले. आता तो पासवर्ड न देताच मेल पाठवायला बघतो आणि समोरचा 'ऑथेंटिकेशन रिक्वायर्ड' म्हणून परत पाठवतो. सॅसल_पासडब्ल्यूडी फाइलीत नाव-पासवर्ड आहेत.

मेलरांग

रिलेहोस्टमध्ये सर्व्हरचं नाव चौकोनी कंसात आणि पुढे अपूर्णविराम देऊन ५८७ असं लिहिलंय का? मग पासवर्ड फाइलीतही डावीकडे अक्षर न् अक्षर तेच पाहिजे, कंस आणि पोर्टसकट. नुसतं नाव लिहिलं तर त्याला नोंद सापडत नाही, आणि न सापडल्याची तक्रार तो करत नाही, विना पासवर्ड निघतो. बदलल्यावर पोस्टमॅप चालवा, तो त्या फाइलीचा पोस्टफिक्सला वाचता येणारा तक्ता बनवतो, आणि मूळ फाइल व तयार झालेली फाइल दोन्हींची परवानगी ०६०० ठेवा, त्यात पासवर्ड उघडा आहे. पोस्टमॅप -क्यू देऊन ती नोंद सापडते का तेही बघून घ्या.

शिरोली_फाउंड्री

राजारामपुरी चालू झाली. अनबॅन केल्याबरोबर. बाहेरून अडकलेली मेलही एकामागून एक यायला लागली आहे, सकाळची शेड्यूल दुपारी मिळाली, पण मिळाली. एमडी५ असलेल्या खात्यांची यादी ग्रेपनं काढली, आज हिशेब खातं, उद्या विक्री. सॅसल २५ वरून काढून फक्त ५८७ आणि ४६५ वर ठेवलं. आउटलुकमध्ये काहीजणांचं पोर्ट २५ च होतं, तेही या निमित्तानं कळलं, ते बदलतोय.

एक शेवटचा प्रश्न. क्वालिटीच्या जुन्या स्कॅनरला टीएलएस येतच नाही. त्याच्यासाठी ऑथ_अलाऊ_क्लिअरटेक्स्ट यस करावं लागेल का?

मेलरांग

नको. एका स्कॅनरसाठी सगळ्यांचं कुलूप काढू नका. कारखान्यातच एखाद्या छोट्या मशीनवर पोस्टफिक्स बसवा. स्कॅनर, अलार्म युनिट वगैरे लॅनमधून त्याला विना पासवर्ड मेल देतील. मायनेटवर्क्समध्ये फक्त त्या यंत्रांचे लॅनमधले आयपी घाला. तो छोटा पोस्टफिक्स पुढे व्हीपीएसला ५८७ वर टीएलएससह, एका स्वतंत्र खात्यानं लॉगिन करून मेल देईल. वर इचलकरंजीवाल्यांना सांगितलंय तीच कॉन्फिग. त्या खात्याचा पासवर्ड दुसरीकडे कुठे वापरू नका.

आणि काम संपल्यावर ऑथ_व्हर्बोज बंद करा. ऑथ_डीबग_पासवर्ड्स कुठे चालू केलं असेल तर ते आधी, कारण त्यानं पासवर्ड लॉगमध्ये उघडे पडतात. चालू केलं होतं असं दिसलं तर त्या वेळचे लॉगही पुसा, जुने दाबून ठेवलेलेसुद्धा.

शिरोली_फाउंड्री

डीबग_पासवर्ड्स चालू नव्हतं, डव्हकॉन्फमध्ये बघितलं. व्हर्बोज आत्ता बंद केलं. स्टोअरमध्ये एक जुना डेस्कटॉप पडून आहे, त्यावर छोटा पोस्टफिक्स बसवतो.

इचलकरंजी_लूम

कंस आणि पोर्ट टाकून पोस्टमॅप केलं. -क्यू ला नोंद मिळाली. पोस्टक्यूतल्या सगळ्या मेल पोस्टफिक्स फ्लशनं सोडल्या, रांग रिकामी झाली.